रिपोर्ट नॉर्मल, तरी दुखतंय: ताण शरीरात कुठे बसलाय ते कसं ओळखायचं

दीड वर्षात माझे दोन ईसीजी झाले, एक एंडोस्कोपी झाली आणि मानेचा एक्स-रे झाला. सगळे रिपोर्ट नॉर्मल. पोटात मात्र रोज संध्याकाळी गोळा यायचा, डावा खांदा भरून यायचा आणि रात्री साडेतीनला छाती धडधडत जाग यायची. रिपोर्ट बघून घरचे म्हणायचे, "काही झालेलं नाहीये तुला." ते ऐकलं की आणखी एकटं वाटायचं, कारण दुखत तर होतंच. शेवटी आमच्या फॅमिली डॉक्टरांनी गोळ्या लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "ताई, घरी कसं चाललंय?" वडिलांचं डायलिसिस, मुलाची बारावी, पतसंस्थेतली मार्चअखेर, सगळं त्या एका प्रश्नावर बाहेर आलं. ते ऐकून घेऊन डॉक्टर म्हणाले, रिपोर्टही खरा आहे आणि तुमचं दुखणंही खरं आहे.

मी डॉक्टर नाही, पतसंस्थेत हिशेब बघते. पण त्या दिवसानंतर डॉक्टरांकडून आणि एका समुपदेशक बाईंकडून जे शिकले ते इथे क्रमाने लिहितेय. क्रम मोडू नका. पहिली पायरी सोडून थेट चौथ्या पायरीतल्या वहीकडे गेलात तर नुकसान होऊ शकतं.

पायरी १ : धोक्याचं आधी बाजूला काढा

छातीवर दगड ठेवल्यासारखा दाब, आवळल्यासारखं दुखणं, ते दुखणं डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत पसरणं, सोबत दरदरून घाम आणि मळमळ. अशा वेळी "टेन्शनमुळे असेल" हा विचार मनात आणायचाच नाही. १०८ ला फोन करा आणि दवाखाना गाठा. बायकांना, वयस्कर माणसांना आणि मधुमेह असलेल्यांना हृदयविकाराचा झटका छातीत फारसं न दुखताही येऊ शकतो. नुसता दम लागतो, गळून जायला होतं, पोटात ढवळतं. तोंड एका बाजूला वाकडं होणं, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणं, बोलताना अचानक जीभ अडखळणं ही पक्षाघाताची लक्षणं. तिथेही एकेक मिनिट मोलाचं असतं.

काही तक्रारी इतक्या तातडीच्या नसतात, पण त्या ताणाच्या खात्यावर टाकून गप्प बसायचं नाही: काही न करता वजन उतरणं, शौचातून रक्त जाणं किंवा काळी शौच होणं, घास गिळताना अडकणं, रेंगाळणारा ताप, शुद्ध हरपणं. जिना चढताना येणारी आणि थांबलं की जाणारी छातीतली कळ यात सगळ्यात वरची. श्रमाने वाढणारं आणि विश्रांतीने थांबणारं छातीतलं दुखणं हृदयाचं असण्याची शक्यता बरीच असते. ताणाचं दुखणं पुष्कळदा उलट वागतं, धावपळीत गप्प राहतं आणि निवांत टेकलं की डोकं वर काढतं. तरी हा फरक घरी बसून आपण ठरवायचा नाही. छातीत पहिल्यांदा दुखलं तर ईसीजी काढायचाच, आणि तो नॉर्मल आला म्हणून पैसे फुकट गेले असं मानायचं नाही.

पायरी २ : आपले वाक्प्रचार शब्दशः घ्या

हातपाय गार पडले. घशाला कोरड पडली. पोटात गोळा आला. दातखिळी बसली. आपण हे अलंकार म्हणून बोलतो, पण आधीच्या पिढ्यांनी शरीराकडे फार बारकाईने पाहिलं होतं. यातल्या जवळजवळ प्रत्येक शब्दामागे शरीरातली खरी घडामोड आहे.

धोका जाणवला की मेंदूकडून मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना इशारा जातो. काही सेकंदांत अ‍ॅड्रिनलिन रक्तात उतरतं, थोड्या वेळाने मागून कॉर्टिसोल येतं. तयारी एकाच गोष्टीची चाललेली असते, लढायची किंवा पळायची. ताळेबंद जुळत नसला, सासऱ्यांचा ताप उतरत नसला, तरी तयारी हीच. मी मात्र खुर्चीत बसलेली. पळण्यासाठी गोळा केलेलं बळ कुठेच खर्च होत नाही आणि अंगातच राहतं.

आता एकेक पाहू. हातपाय गार पडतात, कारण रक्त कातडीकडून मोठ्या स्नायूंकडे वळतं. घशाला कोरड पडते, कारण लाळ कमी सुटते. छाती धडधडते, कारण हृदयाला जास्त रक्त ढकलायचं असतं. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, म्हणून उजेड टोचतो. दातखिळी बसते, कारण जबड्याचे स्नायू आवळले जातात. रात्रभर दात खाणाऱ्या माणसाला सकाळी कानशिलं दुखतात आणि तो डोकेदुखीची गोळी घेत राहतो. कितीतरी जणांचा ताण पहिल्यांदा दाताच्या डॉक्टरला दिसतो, झिजलेल्या दाढांवरून.

पोटाबद्दल जरा जास्त सांगते, कारण आपल्याकडे निम्मा ताण ‘अ‍ॅसिडिटी’ आणि ‘गॅस’ या दोन नावांखाली दडलेला असतो असं माझं मत झालंय. ‘लढा किंवा पळा’ ही कल्पना मांडणारे अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन तरुणपणी क्ष-किरणांखाली मांजरांचं पचन बघत असत. मांजर बिथरलं की त्याच्या जठराची घुसळण थांबायची, शांत झालं की पुन्हा सुरू व्हायची. आपलंही तसंच आहे. जठर मंदावतं, म्हणून दोन घास खाल्ले तरी पोट तटतटतं. मोठं आतडं मात्र उलट वेगाने हलायला लागतं, म्हणून परीक्षेच्या किंवा मुलाखतीच्या सकाळी तीनदा शौचाला जावं लागतं. आतड्यांच्या भिंतींत स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं आहे, १० कोटींहून जास्त पेशींचं, आणि त्याचं मेंदूशी सतत बोलणं चालू असतं. "पोटात कालवाकालव झाली" हे आता मी अगदी सरळ अर्थाने म्हणते.

घशात आवंढा अडकल्यासारखं वाटतं त्याची एक खूण आहे. ताणामुळे असेल तर नुसती थुंकी गिळताना जास्त जाणवतं आणि जेवताना विसरायला होतं. घासच अडकत असेल तर पायरी १ कडे परत जा.

हा इशारा महिनोन्‌महिने चालू राहिला की चित्र बदलतं. झोप तुटते, मान-खांदे कायमचे ताठ होतात, रक्तातली साखर आणि रक्तदाब वर जातात, पाळी पुढेमागे होते, आधीपासून असलेला इसब किंवा सोरायसिस उफाळतो. केसांचं तर फारच फसवं असतं. मोठा ताण येऊन गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी केस गळायला लागतात, तोवर तो प्रसंग आपण मागे टाकलेला असतो. मग आपण तेल बदलत बसतो. मीही बदललं होतं.

पायरी ३ : आपल्या अंगाचा नकाशा काढा

प्रत्येकाच्या ताणाच्या दोन-तीन ठरलेल्या जागा असतात. माझ्या पोट, डावा खांदा आणि पहाटेची झोप. माझ्या नवऱ्याची कंबर आणि डोकं. आधी या जागा सापडायला हव्यात.

एका कागदावर माणसाची ओबडधोबड आकृती काढा. जमिनीवर सतरंजी टाकून उताणे पडा आणि दहा मिनिटं पायांपासून डोक्यापर्यंत लक्ष नेत जा. "कसं वाटतंय?" असं मोघम विचारू नका, नेमकं विचारा. पायाची बोटं आत वळलीत का? पोट आत ओढून धरलंय का? मुठी आवळल्यात का? खांदे कानांकडे चढलेत का? दात एकमेकांना टेकलेत का? तोंड सैल असताना ओठ मिटलेले आणि दात सुटे असतात. टेकलेले सापडले तर जबडा काम करतोय. श्वास कुठे हलतोय, छातीत की पोटात?

पहिल्यांदा काहीच कळत नाही. इतकी सवय झालेली असते की आवळलेला खांदा हाच आपल्याला साधा खांदा वाटतो. त्यासाठी अमेरिकन डॉक्टर एडमंड जेकबसन यांची जुनी पद्धत वापरा. एकेक स्नायू मुद्दाम पाच सेकंद आवळा आणि एकदम सोडा. मूठ, दंड, खांदे, कपाळ, जबडा, पोट, मांड्या, पोटऱ्या. सोडल्यावर जो फरक जाणवतो तोच शिकायचा असतो. मानेचं दुखणं असेल तर तिथे जोर लावू नका. आठवडाभर रोज केलंत की दिवसा काम करतानाही खांदा चढलेला लगेच लक्षात येतो.

जिथे काही सापडेल तिथे आकृतीवर खूण करा. रंगीत पेन वगैरेची गरज नाही.

पायरी ४ : चौदा दिवसांची वही

या सगळ्यात मला सर्वांत जास्त उपयोग वहीचा झाला. हिशेब लिहिणाऱ्या माणसाला वही सोपी जाते हे खरं, पण शेजारच्या काकूंनीही तिथीच्या कॅलेंडरवर दोन-दोन शब्द लिहून हे केलं.

पाच रकाने पुरतात: वेळ, अंगात काय झालं, किती वेळ टिकलं, आधीच्या तासाभरात काय घडलं, आणि खाणं-चहा-झोप. भावना लिहायचा रकाना मुद्दाम ठेवलेला नाही. "मला कसलंच टेन्शन नाही" असं मानणारी माणसं तिथेच अडतात. अंगाचं लिहा, बाकीचं मागाहून दिसतं. माझ्या वहीतल्या तीन नोंदी अशा:

मंगळवार, संध्याकाळी ६:४०. पोटात गोळा, ढेकर. ५० मिनिटं. भावाचा फोन येऊन गेला. दुपारचं जेवण साडेतीनला, चहा चार कप.

बुधवार, रात्री ३:३०. धडधड, तळव्यांना घाम. २० मिनिटं. झोपले होते. अकराला मोबाईलवर बाबांचे रिपोर्ट बघितले.

रविवार, दुपारी २. डोकं ठणकतंय, डावा खांदा. चार तास. काहीच घडलं नाही, सुट्टी.

धडधड झाली की नाडी मोजून लिहा. अंगठ्याखाली मनगटावर दोन बोटं ठेवून ३० सेकंद मोजायचं आणि दुप्पट करायचं. मोठ्या माणसाची बसलेली असतानाची नाडी साधारण ६० ते १०० असते. पण दिवसातून दहा-दहा वेळा मोजायला लागलात, रक्तदाबाचं यंत्र दर तासाला काढायला लागलात, तर थांबा. ते मोजणंच चिंतेला खतपाणी घालतं. वहीत एक नोंद आणि विषय बंद.

पायरी ५ : वही वाचा

चौदा दिवसांनी सगळं एका बैठकीत वाचा, शक्यतो कुणाला तरी सोबत घेऊन. मला माझी वही वाचून काही दिसलं नव्हतं, मुलाला दिसलं. तो म्हणाला, "आई, मामाचा फोन आला की तुझं पोट दुखतं." पोटाच्या आठपैकी सहा नोंदींच्या आधी भावाचा दवाखान्यातून आलेला फोन होता. भावावर माझा राग नव्हता, त्याच्याशी भांडण नव्हतं. पण फोनची रिंग वाजली की पोट आधीच तयारीला लागायचं.

शोधायचं ते हे. तक्रार ठराविक वाराला, ठराविक माणसाआधी, ठराविक रस्त्यावर येते का? रविवारी संध्याकाळी पोट बिघडतं का? सुट्टी लागली की नाहीशी होते का, की उलट सुट्टीतच येते? ताण उतरताना डोकं धरणं अगदी नेहमीचं आहे. मार्चअखेर संपली की एप्रिलच्या पहिल्या रविवारी आमच्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांचं डोकं धरलेलं असतं. एखाद्या गोष्टीत मन रमलं की दुखणं विसरायला होतं का? बायकांनी पाळीच्या तारखाही शेजारी लिहून बघाव्यात.

पहाटे जाग येणाऱ्यांसाठी एक गोष्ट. कॉर्टिसोल मध्यरात्रीच्या आसपास सगळ्यात कमी असतं आणि पहाटेकडे चढत जाऊन जाग आल्यावर थोड्याच वेळात कळस गाठतं. आधीच तणावात असलेल्या माणसाची या चढावर झोप सहज मोडते. तेव्हा साडेतीनची जाग म्हणजे काही अशुभ घडणार असल्याची चाहूल नव्हे. हे कळल्यावर माझी निम्मी भीती गेली.

आणि काहीच जुळलं नाही, दुखणं कशाशीही नातं न ठेवता येत-जात राहिलं, तर तेही उत्तरच आहे. पुढची पायरी नीट वाचा.

पायरी ६ : ताणासारखं दिसणारं दुसरं काही

थायरॉईड वाढलेला असेल तर धडधड, थरथर, घाम, चिडचिड, वजन उतरणं हे सगळं होतं आणि घरचे म्हणतात, "फार विचार करते." रक्त कमी असेल तर जिन्यात धाप लागते, छाती उडते, बायकांचं हिमोग्लोबिन १२च्या खाली म्हणजे कमी. बी-१२ कमी असेल तर हातापायांना मुंग्या आणि थकवा. शाकाहारी घरांत हे फार आढळतं. साखर एकदम उतरली तर थरथर आणि गार घाम. म्हणून हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी), साखर, बी-१२ आणि रक्तदाब एवढं एकदा डॉक्टरांना विचारून तपासून घ्या.

औषधंही बघा. दम्याच्या पंपाने हात थरथरू शकतात. सर्दीच्या काही गोळ्यांनी छाती धडधडते. रोज पिणाऱ्याने दारू अचानक सोडली तर होणारी थरथर धोक्याची असते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचं. आणि चहा-कॉफी! तिच्यातलं निम्मं कॅफीन उतरायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे सहाचा चहा अकरालाही अंगात असतो. मी चारचे दोन कप केले आणि शेवटचा तीनच्या आत. पहाटेची जाग आठवड्यातून पाचदा यायची ती दोनदा यायला लागली.

पायरी ७ : घबराटीचा झटका ओळखा

अचानक, कधी कधी काहीही कारण नसताना, छाती धाडधाड उडते, श्वास पुरत नाही, हातापायांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं आणि "मी आत्ता मरणार" असं पक्कं वाटतं. हा झटका साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि बहुतेकदा अर्ध्या तासात ओसरतो. पहिल्या वेळी तो हृदयाचा नाही हे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

मुंग्या येतात त्या श्वास कमी पडल्याने नाही, जास्त झाल्याने. भराभर श्वास घेतल्यावर रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यामुळे मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, चक्कर येते, बोटं वाकडी होतात. म्हणून "मोठा श्वास घे, मोठा श्वास घे" हा नातेवाइकांचा सल्ला उलटा पडतो. श्वास सोडण्यावर भर द्या. नाकाने चार मोजेपर्यंत घ्या, सहा मोजेपर्यंत हळूहळू सोडा. सोडताना हृदयाची गती थोडी उतरते, ही शरीराचीच सोय आहे. तोंडाला कागदी पिशवी लावू नका. दुखणं हृदयाचं किंवा दम्याचं असेल तर ते घातक ठरू शकतं.

शेजारी असलात तर कमी बोला. हात धरा, सोबत श्वास मोजा. "मी इथेच आहे, हे उतरणार आहे," एवढं पुरे.

पायरी ८ : डॉक्टरांकडे काय न्यायचं

वही न्या. "कसंतरी होतंय" ऐवजी "चौदा दिवसांत आठ वेळा, बहुतेक संध्याकाळी, पाऊण तास" असं सांगितलंत तर डॉक्टरांना दिशा मिळते. घरात काय चाललंय ते त्यांनी विचारण्याची वाट बघू नका. माझी दीड वर्षं त्या वाट बघण्यात गेली.

त्रासामुळे काम, झोप किंवा माणसांत जाणं बिघडायला लागलं असेल तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक गाठायलाच हवा. तिथे बहुधा गेल्या दोन आठवड्यांबद्दल सात प्रश्नांची छोटी प्रश्नावली देतात. २१ पैकी १० किंवा जास्त गुण आले तर पुढे नीट तपासणी करतात. सरकारी टेली-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झाली. १४४१६ हा तिचा नंबर, फोन फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. जगणं नको वाटण्यापर्यंत गोष्ट गेली असेल तर हा नंबर आत्ताच लावा. जिल्हा रुग्णालयांत मानसिक आरोग्याचे उपचार मिळतात. पुण्यात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीला संस्था आहे.

एक कळकळीची विनंती. झोपेची किंवा ‘शांत करणारी’ गोळी मेडिकलमधून ओळखीवर आणू नका. तिची सवय लागते आणि ती अचानक सोडणंही धोक्याचं असतं.

घरातल्या दोघांकडे बघा

लहान मुलं "मला चिंता वाटते" असं म्हणत नाहीत. त्यांचं पोट दुखतं, शाळेच्या सकाळी, सुट्टीत नाही. याला नाटक म्हणू नका, ते पोट खरंच दुखत असतं. शाळेत काय चाललंय ते विचारा, आणि डॉक्टरांनाही दाखवा.

म्हातारी माणसंही मनाचं अंगावर बोलतात. माझी सासू म्हणायची, "अंग मोडून आलंय, जीव घाबरा होतोय." आम्ही क्रोसिन द्यायचो. त्या वाक्याच्या आधी बहुतेक वेळा घरात कुणीतरी मोठ्याने बोललेलं असायचं, हे आता आठवतं.

मी आता रोज वही लिहीत नाही. फेब्रुवारी लागला की काढते, आणि नवीन काही दुखलं की काढते. मागच्या पावसाळ्यात पायांना मुंग्या यायला लागल्या. दहा दिवस लिहिलं, पण त्या ना फोनशी जुळल्या, ना ऑफिसशी, ना झोपेशी. डॉक्टरांकडे गेले, रक्त तपासलं. बी-१२ कमी निघालं. इंजेक्शनं घेतली, मुंग्या गेल्या.